पुण्यांत बसून काल्हेरचा संगणक

दोन वर्षांपूर्वीं माझ्या घरीं चोरी झाली. कडी तुटली नाहीं, कुलूप फुटलें नाहीं, शेजारचें कुत्रेंही भुंकलें नाहीं. दार मीच माझ्या हातानें उघडून दिलें होतें. आणि चोर कोठें तरी दूर, आपल्या खुर्चीवर स्वस्थ बसून होता. पस्तीस वर्षें मुलांना "आधीं विचार करा, मग उत्तर द्या" असें बजावीत आलेल्या शिक्षकास ही कबुली देतांना संकोच वाटतो. परंतु आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच होत असल्यामुळें ती प्रथम देऊन टाकतों.

विषय असा आहे: एका गांवीं ठेवलेला संगणक दुसऱ्या गांवीं बसून, त्याचा पडदा जसाच्या तसा आपल्या डोळ्यांपुढें आणून, चालवावा कसा, आणि तो चालवीत असतां तिसऱ्या कोणाला त्यांत शिरूं देऊं नये, तें कसें साधावें. मी या शास्त्रांतला पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला आणि प्राथमिक शाळेंत मराठी व गणित शिकवून निवृत्त झालेला मी एक सामान्य मास्तर आहें. तेव्हां जें मला कळावयास सहा महिने लागले, तें आपणांस सोप्या शब्दांत सांगावें, एवढाच माझा हेतु.

ठाण्याहून भिवंडीकडे निघालें म्हणजे कशेळीचा पूल ओलांडल्यावर आमचें काल्हेर लागतें. एके काळीं हें खाडीकांठचें, भातशेतीचें, होड्यांचें गांव. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांस गोदामें उभीं आहेत आणि त्यांच्या मागें उंच इमारती. गोदामांतला माल काल्हेरांत, त्या मालाचा हिशेब ठेवणारा संगणक काल्हेरांत, आणि मालक मात्र बहुधा मुंबईंत, असा हा व्यवहार आहे. त्यामुळें दूरचा संगणक चालविण्याची विद्या आमच्या गांवाला नवीन नाहीं. २०२० सालच्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां तर ती शहरांतल्या घराघरांत शिरली. कचेरी बंद, पण कचेरीच्या यंत्राचा पडदा स्वयंपाकघरांतील टेबलावर उघडा, असें दृश्य आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल.

आतां माझ्या चोरीकडे येतों. एके दुपारीं फोन आला. बोलणाऱ्यानें आपण बँकेंतून बोलत असल्याचें सांगितलें. आवाज मोठा अदबशीर. "काका, काका" म्हणून बोले. खात्याची कांहीं नोंद अपुरी आहे, ती आज पुरी न झाल्यास खातें बंद पडेल, असें तो म्हणाला. आणि "तुम्हांला त्रास नको, मीच करून देतों" म्हणून त्यानें माझ्या मोबाइलमध्यें एक छोटेसें ॲप घ्यावयास लावलें. पडद्यावर नऊ आंकडे उमटले. ते त्यानें विचारले आणि मीं ते, वर्गांत श्रुतलेखन घालावें तसे, एक एक सुटा उच्चारून सांगितले! त्या क्षणापासून माझा पडदा त्याचाही झाला. मग "खात्री करण्यापुरते दहा रुपये भरा" म्हणाला. मीं गुप्त क्रमांक दाबला, बँकेचा संदेश आला, आणि तो मी वाचण्याआधीं त्यानें वाचला. पत्नीच्या औषधोपचारासाठीं बाजूला ठेवलेले बेचाळीस हजार रुपये चहा निवण्यापूर्वीं गेले. अशाच एका ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच इशारा दिला होता, आणि ती बातमी मीं वर्तमानपत्रांत वाचलीही होती. पण वाचणें वेगळें आणि प्रसंगीं आठवणें वेगळें.

त्या दिवशीं मीं निश्चय केला कीं, दूरवरून संगणक चालविण्याच्या या भानगडीस पुन्हा शिवावयाचें नाहीं. निश्चय वर्षभर टिकला. पुढें पत्नीच्या उपचारासाठीं आम्हां दोघांस चार महिने पुण्यास मुलीकडे राहावें लागलें. आणि माझा जीव गुंतला होता काल्हेरच्या टेबलावरील संगणकांत.

त्या संगणकांत विशेष कांहीं द्रव्य नाहीं. आमच्या खाडीकांठच्या आगरी बोलीचे शब्द मी गेलीं कित्येक वर्षें गोळा करीत आहें. आगर, खाजण, उधाण, भांग असे शब्द कोशांत सांपडतात. परंतु त्यांच्याभोंवतीं फिरणारी बोलण्याची लकब, म्हणी, भाताच्या अवस्थांचीं नांवें हीं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडींच उरलीं आहेत, आणि तीं माणसें दर पावसाळ्यानंतर एक दोन कमी होतात. गांवांतील दोन मुलें दर रविवारीं त्यांच्याकडे जाऊन त्यांचें बोलणें ध्वनिमुद्रित करून आणतात आणि त्या यंत्रांत भरतात. तें ऐकून मी टिपणें करतों. पुण्याला एक प्रत न्यावी, तर इकडे एक आणि तिकडे एक अशा दोन वह्या होऊन कोणती खरी हा घोळ व्हावयाचा. वही एकच राहावी व ती काल्हेरांतच राहावी, पण लिहिणारा पुण्यांत असावा, अशी माझी अडचण होती.

ती सोडविली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. तो आमच्याकडील एका गोदामाचे संगणक सांभाळतो. मीं माझी भीति सांगितली, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, चोरानें वापरलें तेंच हत्यार आपण वापरूं. फरक इतकाच, कीं किल्ली तुमच्या हातीं राहील." त्याचें म्हणणें मला पटावयास वेळ लागला, म्हणून तें पायरीपायरीनें सांगतों.

प्रथम हें चालतें कसें तें पाहूं. संगणकाचा पडदा म्हणजे लहान लहान रंगीत ठिपक्यांचें एक मोठें चित्र. दूरच्या यंत्रांतील कार्यक्रम हें चित्र पाहतो, त्यांतला जेवढा चौकोन बदलला तेवढाच उचलून जाळ्यावरून आपल्याकडे पाठवितो, आणि आपल्याकडील कार्यक्रम तो चौकोन आपल्या पडद्यावर चिकटवितो. उलट दिशेनें जातात ते आपल्या कळांचे ठोके आणि माउसची हालचाल. म्हणजे विचार करणारें यंत्र तिकडेच राहतें; इकडे येतें तें केवळ त्याचें तोंड, आणि तिकडे जातात ते आपले हात.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत १९८४ सालीं जन्मलेल्या एक्स विंडो या पद्धतींत, कार्यक्रम एका यंत्रावर आणि त्याचें चित्र दुसऱ्यावर, अशी सोय होती. पुढें १९९० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील केंब्रिज येथल्या एका प्रयोगशाळेंत व्हीएनसी तयार झालें. आणि १९९८ पासून मायक्रोसॉफ्टनेंही स्वतःची पद्धति आणली. यंत्रास दूरवरून हात लावण्याचा महिमा पाहावयाचा असेल, तर लडाखमधील हानले येथें पाहावा. तेथें सुमारें साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. आणि तिला चालविणारे ज्योतिर्विद बसतात बंगळूरजवळील होसकोटे येथें. उपग्रहाच्या द्वारें ते तिकडील दुर्बीण इकडून फिरवितात. त्या मानानें पुणें तें काल्हेर हें अंतर तें काय!

मग भीति कशाची? भीति वाटेची. मूळच्या व्हीएनसींत पडद्याचें चित्र आणि आपण दाबलेली प्रत्येक कळ हीं उघड्या कार्डासारखीं जातात. वाटेंत ज्याच्या हातीं कार्ड लागेल तो तें वाचूं शकतो. पासवर्ड असतो खरा, पण जुन्या रीतींत त्याचीं पहिलीं आठच अक्षरें जमेस धरलीं जातात. तुम्ही वीस अक्षरांचा श्लोक घातला तरी बाकीचीं बारा वायां. या पद्धतीच्या नियमांचें जें अधिकृत पत्रक २०११ सालीं निघालें, त्यांतच स्पष्ट सांगितलें आहे कीं, ही ओळख पटविण्याची रीत दुबळी आहे व ती परक्या जाळ्यावर वापरण्यासाठीं नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतींत वाट झांकलेली असते. परंतु तिचेंही दार सताड रस्त्यावर ठेवणें धोक्याचें. मे २०१९ मध्यें त्या दारांत एक असा दोष उघडकीस आला कीं, जिची देखभाल कंपनीनें पांच वर्षांपूर्वींच थांबविली होती, त्या विंडोज एक्सपीसाठींही तिला दुरुस्ती काढावी लागली.

यावर उपाय फिनलंडमध्यें निघाला. १९९५ सालीं हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी चोरून ऐकून लोकांचे पासवर्ड पळविले. तेथील तातू इलोनेन या संशोधकानें त्याच वर्षीं एसएसएच नांवाची रीत तयार केली. हिच्या योगें दोन यंत्रांमध्यें एक बंद मार्ग तयार होतो. आंत काय चाललें आहे तें बाहेरच्यास कळत नाहीं, आणि वाटेंत एक अक्षर जरी कोणीं बदललें तरी तें ताबडतोब उघडकीस येतें. १९९९ सालीं तिची खुली आवृत्ति निघाली. लिनक्स व मॅक यांच्या संगणकांत ती मिळतेच. २०१८ पासून विंडोजबरोबरही येते. तिला निराळे पैसे पडत नाहींत.

बंद मार्ग म्हणजे काय, हें आमच्या भागांतल्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाहीं. तानसा तलावाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून मुंबईचें पाणी मोठमोठ्या नळांतून आमच्या भिवंडी तालुक्यांतून जात आलें आहे. नळ सर्वांना दिसतो. मुलें त्यावर चढून बसतात. परंतु आंतलें पाणी कोणाला दिसत नाहीं, कीं त्यांत कोणाला कांहीं मिसळतां येत नाहीं. तें जेथें सोडावयाचें तेथेंच सुटतें. एसएसएचचा मार्ग असाच आहे: तो सार्वजनिक रस्त्यावरूनच जातो, पण बंद नळांतून.

आतां जुळणी ऐका. माझ्या विद्यार्थ्यानें काल्हेरच्या यंत्रावरील व्हीएनसीला प्रथम अशी ताकीद दिली कीं, "तूं रस्त्याकडे कान देऊं नकोस, घरांतल्या घरांत जो आवाज येईल तेवढाच ऐक." प्रत्येक संगणकाला स्वतःशीं बोलण्याचा एक पत्ता असतो, १२७.०.०.१ हा. व्हीएनसी तेवढ्याच पत्त्यावर, ५९०१ क्रमांकाच्या दारांत, बसविलें. बाहेरून कोणी कितीही दार ठोठावलें तरी त्याला तें दार दिसतच नाहीं. मग पुण्याच्या लॅपटॉपवर एसएसएचला सांगितलें कीं, "माझ्या स्वतःच्या ५९०१ क्रमांकाच्या दारांत जें पडेल तें नळांतून नेऊन काल्हेरच्या यंत्राच्या ५९०१ क्रमांकाच्या दारांत ओत, आणि तिकडून येईल तें इकडे आण." एवढें झालें कीं पुण्यांत पडदा पाहण्याचा कार्यक्रम उघडावयाचा आणि त्याला पत्ता द्यावयाचा तो काल्हेरचा नव्हे, तर आपल्याच लॅपटॉपचा. त्या बापड्याला वाटतें कीं काल्हेरचा संगणक याच टेबलाखालीं आहे.

रस्त्याच्या बाजूस दार राहिलें तें फक्त एसएसएचचें. तेथें पहारा कडक हवा. पासवर्ड विचारण्याची रीत त्यानें अजिबात बंद केली. कारण पासवर्ड हा शेवटीं एक शब्द आहे, आणि शब्द ऐकतां येतो, ओळखतां येतो, गोड बोलून काढूनही घेतां येतो. हें माझ्याइतकें कोणाला ठाऊक असणार! त्याच्या जागीं त्यानें किल्लीची जोडी केली. शिक्का आणि शिक्क्याचा ठसा असा हा प्रकार आहे. शिक्का माझ्या लॅपटॉपमध्यें. त्याचा ठसा नमुन्यादाखल काल्हेरच्या यंत्रांत. दर भेटीस नवा मजकूर असतो. लॅपटॉप त्यावर शिक्का उठवून पाठवितो आणि काल्हेरचें यंत्र तो नमुन्याशीं ताडून पाहतें. शिक्का स्वतः घराबाहेर पडतच नाहीं. लाकडी शिक्क्याच्या ठशावरून खोटा शिक्का कोरतां येईल. येथें मात्र ठशावरून शिक्का बनविणें व्यवहारांत अशक्य व्हावें अशी गणिताची योजना आहे. शिवाय लॅपटॉपच चोरीस गेला तर काय, म्हणून त्या शिक्क्यालाही एक लांबलचक वाक्याचें कुलूप घातलें आहे. तें वाक्य मी कोठें लिहून ठेवलेलें नाहीं आणि आपणांसही सांगणार नाहीं.

येथें मीं शंका काढली: "काल्हेरचें यंत्र मला ओळखील, पण मी त्याला कसा ओळखूं? मधल्यामध्यें एखादा सोंगाड्या काल्हेर होऊन बसला तर?" माझा विद्यार्थी हंसला व म्हणाला, "गुरुजी, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात." त्याचें उत्तर असें कीं, पहिल्या भेटींत समोरचें यंत्र आपली एक खूण दाखवितें. ती त्रेचाळीस अक्षरांची असते. बहुतेक माणसें ती न वाचतां "हो" म्हणून पुढें जातात. आणि सोंगाड्याला तीच एक संधि पुरते. ती खूण मूळ यंत्रापाशीं बसलेल्या ओळखीच्या माणसाकडून पडताळून घ्यावी. म्हणून तो काल्हेरला माझ्या टेबलापाशीं बसला, मी पुण्यांत कागद पेन्सिल घेऊन बसलों, आणि फोनवर त्यानें मला श्रुतलेखन घातलें: "मोठा के, लहान क्यू, सात, मोठा झेड..." लिहून झालें, ताडून पाहिलें, तर एक अक्षर जुळेना. मीं मोठ्याच्या जागीं लहान लिहिलें होतें. तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, पुन्हा लिहा." चाळीस वर्षांपूर्वीं हेंच वाक्य मीं त्याला किती वेळां ऐकविलें असेल! मीं पुन्हा लिहिलें. जुळलें.

दोन अडचणी आणखी सांगून ठेवतों. पुष्कळ घरांच्या जोडणीला बाहेरून गांठतां येईल असा स्वतःचा पत्ता नसतो. अनेक घरें मिळून एकच पत्ता वापरतात. मीं जोडणीवाल्यास दरमहा थोडे अधिक पैसे देऊन कायमचा पत्ता घेतला. तसें शक्य नसेल तर घरच्या यंत्रानेंच आपण होऊन बाहेर निघून ठरलेल्या विश्वासू ठिकाणीं भेटावें, अशीही रीत आहे. दुसरी अडचण विजेची. पहिल्याच आठवड्यांत काल्हेरास पाऊस कोसळला, वीज गेली, यंत्र बंद पडलें; आणि बंद यंत्राचें बटण पुण्याहून दाबतां येत नाहीं. वीज परत येतांच यंत्रानें आपोआप सुरू व्हावें, अशी नोंद त्याच्या मुळाशीं करून ठेवतां येते. ती निघण्यापूर्वींच करावी. याउलट, नुसती पुण्याकडील जोडणी तुटली तर कांहीं बिघडत नाहीं. काल्हेरचा पडदा जसा होता तसा उभा राहतो, आणि पुन्हा जोडल्यावर अर्धें लिहिलेलें वाक्य तेथेंच आपली वाट पाहत असतें.

ज्या रात्रीं ही जुळणी प्रथम सिद्ध झाली, तेव्हां पत्नी पलीकडच्या खाटेवर पडून होती. लॅपटॉपवर काल्हेरचा पडदा उघडला. त्यावर आमच्या अंगणांतील तुळशीवृंदावनाचें चित्र आहे, तिनेंच लावून घेतलेलें. तिनें तें पाहिलें, बाण आपोआप हलतांना पाहिला, कारण तिकडे माझा विद्यार्थी अजून माउस धरून बसला होता, आणि ती एकदम उठून बसली. "अहो, पुन्हा तसलेंच कांहीं केलेंत काय? हा कोण शिरला?" त्या स्वरांतली भीति मी विसरणार नाहीं. बेचाळीस हजारांहून तोच तोटा मोठा होता. आमच्या घरांतला निर्धास्तपणा चोरीस गेला होता. मीं तिला त्रेचाळीस अक्षरांचा तो कागद दाखविला. फोन लावून मुलाचा आवाज ऐकविला. तो म्हणाला, "काकू, मी माउस सोडला. आतां गुरुजीच आहेत." बाण थांबला. मीं तो हलविला आणि वृंदावनाभोंवतीं एकवार फिरवून आणला. ती कांहीं बोलली नाहीं. पण पुन्हा आडवी झाली, आणि थोड्या वेळानें तिला झोंप लागली.

श्रोतेहो, त्या चोराच्या आणि माझ्या कृतींत यंत्राच्या दृष्टीनें फारसा भेद नाहीं. दोन्ही वेळां दूरच्या माणसाचे हात जवळच्या पडद्यावर फिरले. भेद आहे तो इतकाच, कीं पहिल्या वेळीं बोलावणें बाहेरून आलें आणि दार मीं घाईंत उघडलें. दुसऱ्या वेळीं दोन्ही टोंकांस कोण आहे हें मीं स्वतः पडताळलें. म्हणून जें सांगावयाचें तें थोडक्यांत सांगतों. पडद्याचें दार उघड्या रस्त्यावर ठेवूं नका, बंद नळांतूनच न्या. पासवर्डापेक्षां किल्ली बरी, आणि किल्लीला कुलूप असावें. समोरच्या यंत्राची खूण ओळखीच्या आवाजाकडून ताडून घ्या. दुरुस्त्या येतील त्या वेळेवर चढवा, आणि मोलाच्या वस्तूची एक प्रत निराळी काढून ठेवा. ती लिहिण्यासाठीं नव्हे, जपण्यासाठीं. आणि ज्याला आपण बोलावलें नाहीं, त्यानें मदतीचें नांव काढून पडदा मागितला, तर तो कितीही अदबीनें बोलो, फोन खालीं ठेवा. चुकून पैसे गेलेच, तर माझ्यासारखें लाजून दोन दिवस गप्प बसूं नका. १९३० हा सरकारी मदतीचा क्रमांक त्याच घटकेस फिरवा. पहिल्या तासाचें मोल फार असतें.

पत्नीची प्रकृति आतां बरी आहे आणि आम्ही काल्हेरास परत आलों आहों. शब्दांची वही त्या चार महिन्यांत एक दिवसही बंद पडली नाहीं. आतां कधीं कधीं पुण्याहून मुलगी तीच वाट धरून माझ्या यंत्रांत येते आणि माझ्या टिपणांतील शुद्धलेखनाच्या चुका काढते. येण्यापूर्वीं ती फोन करते, आणि मी "ये" म्हणतों.